विश्लेषण : गर्भारपणात वांग झाकावे, पण घालवण्याची घाई का करू नये?

गर्भारपणात चेहऱ्यावर वांग येतो, मुरमे उठतात, मान काळवंडते. डोहाळजेवण, बारसे, घरातले लग्न असे प्रसंगही याच काळात येतात. मग प्रश्न पडतो, मेकअप केला तर बाळाला काही होईल का? अनेक जणी साधी लिपस्टिकही भीतीपोटी बाजूला ठेवतात. मात्र शेजारणीने सांगितलेले गोरेपणाचे क्रीम त्याच काळात निर्धास्तपणे लावतात. वैद्यकीय माहिती पाहिली, तर धोक्याचे गणित बरेचसे याच्या उलट आहे. त्वचेच्या वर राहून डाग झाकणारी प्रसाधने सहसा निरुपद्रवी असतात. त्वचेत शिरून डाग ‘घालवणारी’ क्रीम मात्र तपासून घ्यावी लागतात. काय चालते, काय टाळावे आणि मेकअपखाली काय अजिबात झाकू नये, याचा हा आढावा.

गर्भारपणात त्वचा का बदलते?

गर्भधारणेनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी वाढते. त्याबरोबर त्वचेतील रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या पेशीही अधिक सक्रिय होतात. म्हणूनच गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसू लागतात. हाच वांग किंवा मेलाझ्मा. बेंबीपासून ओटीपोटापर्यंत काळी रेघ उमटते. स्तनाग्रे, काखा, मांड्यांचा आतला भाग गडद होतो. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हे बदल जास्त ठळक दिसतात.

शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढल्याने आणि तैलग्रंथी जास्त काम करू लागल्याने चेहरा कधी तुकतुकीत दिसतो, तर कधी मुरमांनी भरतो. पोट, स्तन आणि मांड्यांवरची त्वचा ताणली जाऊन तिथे स्ट्रेच मार्क येतात. हे सारे बदल बहुतांशी शरीराच्या नेहमीच्या प्रक्रियेचा भाग आहेत. काळी रेघ आणि वांग प्रसूतीनंतर काही महिन्यांत फिकट होतात. काहींचा वांग मात्र पूर्ण जात नाही, त्यावर नंतर उपचार करता येतात.

चेहऱ्यावरून मुलगा की मुलगी हे कळते का?

नाही. ‘चेहरा उजळला’, ‘चेहरा उतरला’ असे म्हणून घराघरांत अंदाज बांधले जातात. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. वांग किती येणार, हे संप्रेरके, अनुवंशिकता आणि उन्हाचा संपर्क यांवर ठरते. त्याचप्रमाणे केशर घातलेले दूध प्यायल्याने बाळ गोरे होते, हाही समजच. बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. दूध पौष्टिक आहे म्हणून जरूर प्यावे, रंगासाठी नव्हे. असे समज निरुपद्रवी वाटतात. मात्र ‘रंग उतरला’ ही टोचणीच अनेकींना नको त्या क्रीमकडे नेते.

रोजची निगा किती आणि कशी असावी?

तीनच गोष्टी पुरेशा आहेत. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, त्यानंतर मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. या काळात त्वचा नेहमीपेक्षा हळवी झालेली असते. वासांचाही त्रास होतो. म्हणून सुगंधविरहित आणि मोजक्या घटकांची उत्पादने निवडावीत. पूर्वी वर्षानुवर्षे चाललेल्या साबणानेही आता आग होऊ शकते. नवे उत्पादन थेट चेहऱ्यावर न लावता आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे.

अंघोळीचे पाणी कोमट असावे. अंग पूर्ण कोरडे होण्याआधीच मॉइश्चरायझर लावले की ओलावा टिकतो. ते महागडे असण्याची गरज नाही. साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलही पोटावरची कोरडी खाज कमी करते. मात्र स्ट्रेच मार्क हमखास रोखणारे कोणतेही तेल किंवा क्रीम अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यावर अनुवंशिकतेचा आणि वजन किती झपाट्याने वाढते याचा प्रभाव असतो. त्यामुळे ‘एकही व्रण राहणार नाही’ अशा जाहिरातीवर हजारो रुपये खर्च करण्यात अर्थ नाही.

सनस्क्रीन कोणते घ्यावे?

वांगाला सर्वाधिक खतपाणी उन्हाचे. त्यामुळे गर्भारपणात एकच उत्पादन विकत घ्यायचे असेल, तर ते सनस्क्रीन असावे. एसपीएफ किमान ३० हवे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, म्हणजेच मिनरल सनस्क्रीन ही पहिली पसंती. हे घटक त्वचेच्या पृष्ठभागावर राहून किरणांना अटकाव करतात आणि रक्तात जवळजवळ जात नाहीत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रासायनिक सनस्क्रीनमधील सहा घटक रक्तात शोषले जात असल्याचे आढळले. शोषले जाणे म्हणजे अपाय होणे नव्हे, आणि सनस्क्रीन वापरणे थांबवू नका, असेही तेव्हा सांगण्यात आले. तरीही पर्याय हाताशी असताना गर्भवतींनी मिनरल प्रकार निवडणे सोयीचे.

चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन लागते. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. दुचाकीवर स्कार्फ आणि चालताना छत्री हवीच. एकट्या सनस्क्रीनवर विसंबू नये.

कोणते घटक कटाक्षाने टाळावेत?

पहिला गट रेटिनॉइडचा, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधांचा. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे बाळाच्या मेंदूत, हृदयात आणि चेहऱ्यात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी त्या बंद कराव्या लागतात. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालीन, टाझारोटीन आणि रेटिनॉल असलेली क्रीम किंवा सीरम त्वचेतून अगदी कमी प्रमाणात शोषली जातात. तरीही खबरदारी म्हणून ती या काळात वर्ज्य मानली जातात. ‘अँटी-एजिंग’ किंवा ‘नाइट सीरम’ असे लिहिलेल्या बाटल्यांत रेटिनॉल हमखास सापडते.

दुसरा घटक हायड्रोक्विनोन. वांगावर ते सर्रास दिले जाते. लावलेल्या हायड्रोक्विनोनपैकी सुमारे ३५ ते ४५ टक्के भाग शरीरात शोषला जातो. त्वचेवर लावण्याच्या औषधासाठी हे प्रमाण फार मोठे आहे. त्यामुळे गर्भारपणात ते टाळण्याचा सल्ला दिला जातो.

तिसरा घटक तीव्र स्टिरॉइड. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड या तिन्हींचे मिश्रण असलेली ट्यूब मेडिकलमधून ‘डागांचे क्रीम’ म्हणून चिठ्ठीविना नेली जाते. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये टाळण्याच्या तिन्ही गोष्टी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशा यादीत टाकली. तरीही सवय मोडलेली नाही. अशा क्रीमने आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात आणि क्रीम थांबवताच डाग अधिक गडद होऊन परततात.

याशिवाय वांगासाठीच्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, मुरमांसाठीच्या डॉक्सीसायक्लिन गटातील गोळ्या, केसांसाठीचे मिनॉक्सिडिल आणि रंग उजळवण्यासाठीची ग्लुटाथिओनची इंजेक्शने हीसुद्धा या काळात नकोत. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णालयात वापरले जाते. तो वापर वेगळा आणि आवश्यक आहे.

गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा कसा येतो?

पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो आणि स्वस्त असतो. त्यामुळे काही बेकायदा क्रीममध्ये तो मुद्दाम मिसळला जातो. काही दिवसांत फरक दिसतो, म्हणून क्रीमची ख्याती तोंडोतोंडी पसरते. मात्र पारा त्वचेतून रक्तात जातो, मूत्रपिंडात साठतो आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो. गर्भाचा मेंदू आणि मज्जासंस्था घडत असताना तो घातक ठरतो. त्याची वाफ होत असल्याने आणि तो टॉवेल, उशीच्या अभ्र्यांना लागत असल्याने घरातील लहान मुलांनाही बाधा होऊ शकते.

हा धोका दूरचा नाही. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे आणि त्यामागे त्या वापरत असलेले क्रीम असल्याचे २०२३ च्या सुरुवातीला मुंबईतील केईएम रुग्णालयातील तपासणीतून पुढे आले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

भारताच्या ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’नुसार प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलेल्या पाऱ्यासाठी डोळ्यांच्या प्रसाधनांत दशलक्ष भागांत ७० आणि इतरांत एक भाग एवढीच मर्यादा आहे. प्रश्न आहे तो या नियमांच्या बाहेर विकल्या जाणाऱ्या डब्यांचा.

असे क्रीम ओळखायचे कसे?

नुसते पाहून पारा कळत नाही. तरी काही खुणा आहेत. डबीवर घटकांची यादी नसणे, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक किंवा वापराची मुदत नसणे ही पहिली खूण. परदेशी माल असेल, तर आयात नोंदणीचा क्रमांक आणि भारतातील आयातदाराचे नाव हवेच. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल यांपैकी शब्द दिसला, तर डबी लगेच बाजूला ठेवावी.

आणखी एक खूण घरातच पटण्यासारखी आहे. ‘सोने, चांदी, अ‍ॅल्युमिनियम किंवा दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना वेष्टनावर असेल किंवा विक्रेती तसे सांगत असेल, तर संशय घ्यावा. पारा या धातूंशी संयोग पावतो. जे क्रीम मंगळसूत्राला आणि नथीला चालत नाही, ते गालाला चालते कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा. ब्यूटी पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून मिळणारे ‘खास मिश्रण’ही याच यादीत येते. संशयास्पद क्रीमची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ते वापरले असल्यास डबी फेकून न देता पिशवीत घट्ट बंद करून डॉक्टरांना दाखवावी.

‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’, ‘प्रेग्नन्सी सेफ’ हे शब्द मात्र जाहिरातीचे असतात. ते सरकारी प्रमाणपत्र नव्हे. वेष्टनाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची घटकांची यादी वाचणे महत्त्वाचे.

दिवस राहिल्याचे कळण्याआधी असे काही लावले असेल तर?

घाबरून जाऊ नये. रेटिनॉलचे सीरम किंवा अ‍ॅडापालीनचे जेल काही दिवस लावले गेले, म्हणून बाळाला व्यंग येईल, असे मानण्यास आधार नाही. ते थांबवावे आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. पाऱ्याचा संशय असल्यास रक्त आणि लघवीच्या तपासणीतून त्याचे प्रमाण कळते.

मुरमे आणि डागांवर काय चालते?

पर्याय बरेच आहेत. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड मुरमे आणि डाग दोन्हींवर उपयोगी पडते आणि गर्भारपणात वापरण्याजोगे मानले जाते. बेंझॉइल पेरॉक्साइड, तसेच त्वचेवर लावायचे क्लिंडामायसिन डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. कमी प्रमाणातील सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश चालतो. मात्र त्यांचे तीव्र पील करून घेऊ नये. नायसिनामाइड, ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हे घटकही सहसा सुरक्षित समजले जातात. अट एकच, एका वेळी एकच नवे उत्पादन सुरू करावे. म्हणजे त्रास झाला, तर कशामुळे झाला हे कळते.

साधा मेकअप कसा करावा?

मेकअप त्वचेच्या वर राहतो आणि संध्याकाळी धुतला जातो. हाच त्याचा आणि ‘उपचार’ करणाऱ्या क्रीममधला मुख्य फरक. उलट एका बाबतीत मेकअप मदतच करतो. वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. साधे पांढरे सनस्क्रीन तो प्रकाश पुरेसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य तो अडवते. ते त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनमध्ये आणि बहुतेक फाउंडेशनमध्ये असते. त्यामुळे वांगावर टिंटेड सनस्क्रीन लावले, की डाग झाकलाही जातो आणि वाढण्यापासून रोखलाही जातो.

डोहाळजेवणासाठी घरच्या घरी करता येईल असा क्रम साधा आहे. स्वच्छ चेहऱ्यावर मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे थांबावे. नंतर टिंटेड सनस्क्रीन लावावे. वांग गडद असेल, तर केवळ त्या जागी पीच किंवा केशरी छटेचा करेक्टर बोटाने थोपटून लावावा. त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर तसाच थोपटावा, घासू नये. गव्हाळ त्वचेवर थेट फिकट कन्सीलर लावल्यास डाग राखाडी दिसतो. केशरी छटा तो करडेपणा मारते. मग गालांवर क्रीम ब्लश, भुवयांना हलका आकार आणि ओठांना रंग. एवढ्यावर चेहरा प्रसन्न दिसतो. सगळ्या चेहऱ्यावर जाड थर दिल्यास गर्भारपणातील घामाने तो तासाभरात फुटतो.

उडणारी पावडर, स्प्रे आणि एअरब्रश श्वासातून आत जातात. म्हणून क्रीम स्वरूपातील प्रसाधने बरी. लिपस्टिकचा काही अंश पोटात जातोच. त्यामुळे ती नामांकित आणि परवानाधारक कंपनीची असावी आणि जेवणाआधी टिपून घ्यावी. मेकअप करणारी बाहेरची असेल, तर ब्रश धुतलेले आहेत ना, लिपस्टिक थेट ओठांवर न फिरवता वेगळी काढून लावते ना, हे पाहावे. मस्कारा उघडून तीन महिने झाले असतील, तर नवा घ्यावा. झोपण्यापूर्वी सगळा मेकअप सौम्यपणे उतरवावा.

काजळ, कुंकू, शेंदूर आणि मेंदीचे काय?

परंपरेतील वस्तू म्हणून त्या निर्धोक, असे गृहीत धरता येत नाही. काही सुरम्यांत शिशाचे खनिज असते. शिसे वार ओलांडून बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून बिनलेबलचा सुरमा किंवा परदेशातून भेट आलेले काजळ वापरू नये. परवानाधारक कंपनीचे काजळ पापणीच्या बाहेरच्या कडेला लावावे. जन्मानंतर बाळाच्या डोळ्यांतही काजळ घालू नये.

कुंकू आणि शेंदूर यांतला फरकही लक्षात ठेवावा. पारंपरिक कुंकू हळदीपासून बनते. शेंदूर हे मूळचे शिशाचे संयुग. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीतील दुकानांतून सिंदूराचे ११८ नमुने घेतले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसे आढळले. सुटे, कागदाच्या पुडीतले, भडक रंगाचे कुंकू किंवा सिंदूर या काळात टाळून टिकली लावणे सोपे. टिकलीच्या गोंदाने खाज आल्यास तीही काही दिवस बंद ठेवावी.

मेंदी वाटलेल्या पानांची असेल, तर हरकत नाही. तिचा रंग केशरी येतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होतो. तासाभरात काळीभोर रंगणारी ‘काळी मेंदी’ मात्र नको. तिच्यात केसांच्या रंगात वापरले जाणारे पीपीडी हे रसायन असते. त्याने फोड येऊ शकतात आणि अ‍ॅलर्जी आयुष्यभर राहते.

पार्लरमध्ये जावे का?

थ्रेडिंग, वॅक्सिंग, पेडिक्युअर चालते. त्वचा हळवी असल्याने मेणाचे तापमान आधी तपासून घ्यावे. केसांच्या रंगातून शरीरात फारच थोडा अंश जातो. तरी पहिले तीन महिने थांबणे, हवेशीर जागी रंगवणे आणि शक्य असल्यास टाळूला न लागता केवळ केसांना रंग लावणे हा रूढ सल्ला. केराटिन किंवा केस सरळ करण्याच्या काही उपचारांत उष्णतेबरोबर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. ते प्रसूतीनंतर करावे. नेलपॉलिश खिडकी उघडी ठेवून लावावे.

ब्लीच, केमिकल पील, लेसर, बोटॉक्स हे सारे पुढे ढकलता येण्याजोगे आहे. बाष्पस्नान किंवा सॉनाने शरीराचे तापमान वाढते, म्हणून तेही नको. फेशियल करायचे असेल, तर एक बाब पार्लरवालीला आधीच सांगावी. गर्भारपणाच्या उत्तरार्धात पाठीवर सपाट झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. पाठीला टेकू देऊन किंवा डाव्या कुशीकडे कलून बसावे आणि बैठक लहान ठेवावी.

जी स्त्री स्वतः पार्लरमध्ये काम करते आणि गर्भवती आहे, तिचा धोका ग्राहकापेक्षा जास्त. दिवसभर रसायनांत राहणाऱ्या अशा महिलांनी हातमोजे वापरावेत, हवा खेळती ठेवावी आणि केराटिनसारखी कामे सहकाऱ्यांकडे सोपवावीत.

घरगुती उपाय किती सुरक्षित?

बेसन, दही, साय, मध यांचा लेप बहुतेकींना सोसतो. हळद थोडीशी चालते. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, तर तिथे भाजल्यासारखे होऊन काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि खरखरीत स्क्रब यांनीही वांग वाढतो, कारण त्वचेला झालेली प्रत्येक इजा नवा डाग सोडते. मुलतानी मातीचा लेप चालतो. पण माती खावीशी वाटत असेल, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. ते लपवू नये.

मेकअपखाली काय झाकू नये?

वांग खुशाल झाकावा. पण चेहरा आणि त्वचा काही इशारेही देत असते. ते डॉक्टरांना दिसायलाच हवेत.

पहिला इशारा फिकेपणाचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. डॉक्टर पापणीची आतली बाजू, जीभ, ओठ आणि नखे पाहून पहिला अंदाज घेतात. तपासणीला जाताना गडद लिपस्टिक आणि नेलपॉलिश नसलेले बरे. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि थकवा यांवर कन्सीलरपेक्षा लोहाच्या गोळ्या जास्त उपयोगाच्या असू शकतात.

दुसरा इशारा सुजेचा. संध्याकाळी पाय थोडे सुजणे नेहमीचे. मात्र चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके खूप दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखले, तर तो वाढलेल्या रक्तदाबाचा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा इशारा असू शकतो. ‘चेहरा भरला’ म्हणून त्याचे कौतुक करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरा इशारा खाजेचा. ताणलेल्या पोटावर खाज येणे साधे आहे. पण पुरळ नसताना तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज येत असेल, तर यकृतातील पित्ताच्या प्रवाहात अडथळा आलेला असू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास अधिक दिसतो आणि तो वाढल्यास बाळाच्या जिवाला धोका संभवतो. रक्ताच्या तपासणीतून निदान होते. अशा खाजेवर कॅलामाइन लावून आठवडे काढणे महागात पडते.

याशिवाय डोळे पिवळे होणे, पाण्याने भरलेले फोड येणे, एखाद्या तिळाचा आकार किंवा रंग बदलून तो रक्ताळणे, यासाठीही लगेच दाखवावे.

प्रसूतीच्या वेळी आणि नंतर काय?

रुग्णालयात जाताना नखांचा रंग काढून ठेवावा आणि चेहरा स्वच्छ असावा. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायू मोजते, त्यात गडद नेलपॉलिशचा अडथळा येऊ शकतो. भूलतज्ज्ञही ओठ आणि नखांच्या रंगावर लक्ष ठेवून असतात.

स्तनपान सुरू असताना बाळाचे तोंड लागते त्या जागी कोणतेही औषधी क्रीम डॉक्टरांना न विचारता लावू नये. पारा आणि शिसे यांचा काही अंश दुधातूनही बाळाकडे जातो. त्यामुळे संशयास्पद क्रीमवरची बंदी प्रसूतीने उठत नाही. बाळाला जवळ घेताना तीव्र अत्तर आणि गालांवरची पावडर टाळावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस भरपूर गळतात. तेही संप्रेरकांमुळेच असते आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात.

वांगाचेही बरेचसे असेच. ज्या डागांसाठी सातव्या महिन्यात घाई केली जाते, त्यांपैकी बरेच डाग बाळ पालथे पडू लागेपर्यंत आपोआप फिकट झालेले असतात. जे उरतात, त्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे सुरक्षित उपचार आहेत आणि तेव्हा ते निवांत घेता येतात. तोवर छत्री, टिंटेड सनस्क्रीन आणि हलका कन्सीलर एवढे साहित्य पुरते. आठ-दहा दिवसांत उजळवण्याचे वचन देणारी बिननावाची डबी कोणी आणून दिलीच, तर गर्भवतीच्या हाती पडण्याआधी तिच्यावरील घटकांची यादी वाचण्याची जबाबदारी घरातल्या इतरांनीही घ्यायला हवी.